बर्फातून बाहेर आलेली गुलाबाची लहान रोपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च संपत आला की माझ्या फोनवर काळ्या पडलेल्या काड्यांचे फोटो यायला लागतात. पाठवणारी बहुतेक मराठी कुटुंबं मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या आसपासची, काही शिकागोची, काही टोरोंटोकडची. गेल्या उन्हाळ्यात हौसेनं लावलेला गुलाब, त्याचा पहिला किंवा दुसरा हिवाळा, आणि फोटोखाली एकच ओळ: "गेला का हो?" बहुतेक वेळा गेलेला नसतो. म्हणूनच हे प्रश्न एकत्र करून सविस्तर उत्तरं लिहिली आहेत.

उत्तरं मिनेसोटाच्या हिवाळ्याला धरून आहेत. इथे पारा उणे २० फॅरनहाइटपर्यंत (उणे २९ सेल्सियस) आणि कधी त्याच्याही खाली जातो. तुमच्याकडे थंडी सौम्य असेल तर तारखा दोन-तीन आठवडे अलीकडे धरा. लहान रोप म्हणजे जमिनीत लावून ज्याचे तीन हिवाळेही झालेले नाहीत असं रोप.

१. बर्फ वितळला आणि सगळ्या फांद्या काळ्या-तपकिरी दिसतायत. माझं रोप मेलं का?

वरून बघून हे सांगता येत नाही. गुलाबाचा जीव थंडीत खाली, मुळांत आणि बुंध्याशी टिकतो. बर्फाच्या थरात हवा धरलेली असते आणि ती दुलईसारखं काम करते. खूप बर्फ पडलेल्या वर्षी फांदीवर चक्क रेघ दिसते: जिथपर्यंत बर्फ होता तिथपर्यंत हिरवी, त्याच्या वर काळी. म्हणून भरपूर बर्फाला घाबरू नका. जास्त नुकसान करतो तो बर्फाविना आलेला गारठा, कोरडा वारा आणि फेब्रुवारी-मार्चमधलं दिवसा वितळणं, रात्री गोठणं.

जमिनीलगतचे तीन-चार इंच तपासा (कसे ते प्रश्न २ मध्ये). तिथेही काही सापडलं नाही तरी प्रश्न १८ वाचल्याशिवाय फावडं हातात घेऊ नका.

२. फांदी जिवंत आहे की वाळलेली, हे नेमकं कसं ओळखायचं?

नखानं साल हलकेच खरवडा. खाली ओला हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. मग कात्रीनं शेंड्याकडचा एक तुकडा कापून आतला गाभा बघा. पांढरा किंवा मलईसारखा असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर अर्धा-एक इंच खाली येऊन पुन्हा कापा, आणि पांढरा गाभा दिसेपर्यंत खाली येत राहा.

एक फसवा प्रकार आहे. साल हिरवीगार असते आणि गाभा मात्र तपकिरी. अशी फांदी एप्रिलमध्ये पानंसुद्धा काढते आणि मेच्या पहिल्या उन्हाच्या तडाख्यात अचानक माना टाकते. सालीच्या रंगापेक्षा गाभ्यावर विश्वास ठेवा. गाभा किंचित पिवळसर असून झाडावर दुसरी एकही फांदी नसेल, तर मात्र ती ठेवून बघा. लहान रोपाला एक फांदीही मोलाची असते.

३. थंडीसाठी घातलेली माती आणि पालापाचोळा कधी काढू?

मार्चमध्ये एखादा दिवस ५० फॅरनहाइटचा (१० सेल्सियस) उजाडतो आणि सगळ्यांचे हात शिवशिवतात. माझेही शिवशिवतात. तेव्हा थांबा. आच्छादन काढलं की ऊन लागून डोळे (फांदीवरचे झोपलेले अंकुर) फुगतात आणि पुढच्या गोठवणाऱ्या रात्री तेच आधी मरतात.

इथे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करावी, तीही टप्प्याटप्प्यानं. आधी वरची पानं काढा, चार-पाच दिवसांनी निम्मी माती, आणि आठवड्याभरानं उरलेली. दिवस ढगाळ असेल तर फारच छान, कारण महिनोन्‌महिने अंधारात राहिलेली साल कडक उन्हानं पोळते. माती गोठलेली असेल तर उकरू नका, खालचे कोंब तुटतात. पाण्याच्या हलक्या धारेनं ती सुटी होते. काढलेली पानं लगेच फेकू नका, प्रश्न १२ साठी ती लागतील.

४. शेजारच्या आजोबांनी शिकवल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये रोप आडवं करून मातीत पुरलं होतं. आता उभं कसं करायचं?

ही मिनेसोटातली जुनी पद्धत, इथे तिला "मिनेसोटा टिप" म्हणतात. फांद्या बांधायच्या, एका बाजूची मुळं सैल करायची, झाड चरात कलवायचं आणि वरून माती आणि पानं घालायची. नाजूक हायब्रिड टी (लांब दांड्यावर मोठं फूल देणारा) गुलाब इथे जगवायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जमीन मोकळी झाली की हातानं माती बाजूला करा. फावडं वापरलं तर साल सोलली जाते. फांद्या ओढू नका, बुंध्याच्या खाली मुळांसकट आधार देऊन झाड हळूहळू उभं करा. मग माती भरून भरपूर पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीच्या पोकळ्या बुजतील. पहिले दहा-बारा दिवस फांद्यांवर अधूनमधून पाणी शिंपडा किंवा ओलं गोणपाट टाका.

५. पुण्यात आई ऑक्टोबरमध्ये छाटणी करायची. इथे छाटणी कधी?

आईचं बरोबर होतं. पुण्यात पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटलं की नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुखद थंडीत झाड फुलांनी लगडतं. तिथला हिवाळा हा गुलाबाचा बहराचा काळ. इथे हिवाळा ही त्याची झोप आहे. ऑक्टोबरमध्ये कापलं तर झाड नवे फुटवे काढायचा प्रयत्न करतं आणि ते कोवळे फुटवे पहिल्याच कडाक्यात जातात. शरद ऋतूत फार तर वाऱ्यानं हेलकावणारा लांब शेंडा कमी करा.

इथली खूण म्हणजे फोर्सिथिया. त्या झुडपावर पिवळी फुलं आली की गुलाबाला कात्री लावायची. आमच्याकडे हे साधारण एप्रिलच्या शेवटी होतं. त्या सुमारास डोळे फुगून लालसर दिसायला लागतात, म्हणजे कुठे जीव आहे हे झाडच दाखवतं.

छाटणीआधी पाणी तोडून, मुळं उघडी करून झाडाला "विश्रांती" देण्याची पद्धतही काही जण आपल्याकडून घेऊन आलेले असतात. ती इथे अजिबात नको. चार-पाच महिन्यांची विश्रांती झालेली असते आणि उघडी मुळं एका रात्रीत गोठतात.

६. लहान रोप किती खाली कापू? सगळं कापून टाकायला भीती वाटते.

भीती रास्त आहे. मोठ्या झाडाच्या मुळांत भरपूर साठा असतो, लहान रोपाकडे तो नसतो. पहिल्या दोन वसंतांत छाटणी आकारासाठी करूच नये. मेलेलं, मोडलेलं आणि काळे-जांभळे खोलगट डाग असलेलं तेवढंच काढा. हे डाग बहुधा बुरशीचे असतात आणि फांदीला वेढा घालतात, म्हणून डागाच्या खाली निरोगी भागापर्यंत या. बाकी जिवंत फांदी बारीक असली तरी राहू द्या. तिच्या पानांवरच मुळं वाढणार आहेत.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर घ्या, किंचित तिरका. सिकेटरची पाती धारदार हवीत, बोथट कात्रीनं फांदी चेचते. डाग असलेल्या झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाती स्पिरिटनं पुसा.

आणि हो, कधी कधी पांढरा गाभा शोधता शोधता जमिनीपासून दोन इंचांवर येऊन पोचाल. कडक हिवाळ्यानंतर इथे हे नेहमीचं आहे. थांबा, पाणी द्या, खालून फुटेल.

७. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) किंवा हळद लावू का?

गरज नाही. इथल्या कोरड्या वसंतात नीट घेतलेला काप उघडा राहूनच भरून येतो. एकच अपवाद: फांदीच्या गाभ्यात भोक पाडून घर करणाऱ्या बारीक माश्यांचा त्रास तुमच्या बागेत असेल, तर पेन्सिलीपेक्षा जाड कापांवर लाकडाला लावायच्या पांढऱ्या डिंकाचा थेंब लावा.

८. रोप जमिनीतून वर आलंय, मुळं दिसतायत. कुणी उपटलं असेल?

कुणी नाही. माती गोठताना फुगते, वितळताना बसते, आणि हे पुनःपुन्हा झालं की पहिल्या वर्षीचं रोप हळूहळू वर ढकललं जातं, कारण त्याच्या मुळांनी अजून पकड घेतलेली नसते. मुळं वाऱ्यानं वाळायच्या आत त्याच दिवशी काम करा. जमीन मोकळी असेल तर रोप हळूच खाली दाबून माती सारखी करा. गोठलेली असेल तर जबरदस्ती नको, वरून पिशवीतल्या मातीचा किंवा कंपोस्टचा ढीग घाला आणि जमीन मोकळी झाल्यावर नीट बसवा. पायानं तुडवू नका, पाण्यानं माती बसू द्या.

९. फांद्या कात्रीनं कापाव्यात तशा कापल्यात, किंवा खालची साल कुरतडलीय. हे काय आहे?

तिरका स्वच्छ काप सशाचा. बुंध्यापाशी साल कुरतडलेली असेल तर बर्फाखालून बोगदे करणाऱ्या शेतउंदरांचा. सशानं खाल्लेली फांदी पुन्हा फुटते, तिथे फक्त काप नीट करा. उंदरानं साल चहूबाजूंनी सोलली असेल तर त्यावरची फांदी वाचत नाही, सोललेल्या जागेच्या खाली कापा. किती खाली जाता येईल हे कलमाच्या गाठीवर, म्हणजे बुंध्याशी कलम जिथे जोडलेलं असतं त्या जागेवर, ठरतं (प्रश्न १४). पुढच्या वर्षी पाव इंची भोकांची तारेची जाळी दोन-तीन इंच मातीत रोवून रोपाभोवती गोल लावा, आणि पानांचं आच्छादन जमीन गोठल्यावरच घाला. लवकर घातलं तर उंदरांना आयतं घर मिळतं.

१०. अशक्त झालंय म्हणून लगेच खत घालू का? पाणी किती?

खत लगेच नको. आजारातून उठलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, तसं रोपाला आधी पाणी. जमीन मोकळी झाल्यापासून पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण एक इंच पाणी, एकदाच आणि खोलवर. रोज शिंपडलेलं पाणी मुळांपर्यंत पोचत नाही.

बुंध्यापासून चार बोटं सोडून एक-दोन इंच कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत पसरा. रासायनिक खत नवे फुटवे चार ते सहा इंचांचे झाल्यावर, म्हणजे इथे साधारण मेअखेर, आणि तेही पिशवीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं. आधी दिलेल्या नत्रानं लुसलुशीत वाढ होते आणि तीच गारठ्यात आधी जाते. ऑगस्टच्या मध्यानंतर खत पूर्ण बंद.

११. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं?

कंपोस्टमध्ये घाला. थेट बुंध्याशी टाकल्यानं या वसंतात काही पोचत नाही, प्राणी मात्र उकरायला येतात.

१२. कोंब फुटले आणि मेमध्ये पुन्हा गारठा आला. आता?

आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत हा धोका धरावाच लागतो. हवामान अंदाजात ३२ फॅरनहाइट (शून्य सेल्सियस) किंवा खाली दिसलं की संध्याकाळी जुनी चादर किंवा उलटी बादली रोपावर घाला. चादरीच्या कडा जमिनीला टेकवा म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. प्लास्टिक पानांना चिकटेल असं घालू नका. बुंध्याशी प्रश्न ३ मधली पानं ढकला. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं काढा.

कोंब काळे पडलेच तर आठवडाभर हात लावू नका. गुलाबाच्या प्रत्येक डोळ्याच्या दोन्ही बाजूंना राखीव डोळे असतात. मुख्य कोंब गेला की ते जागे होतात. कुठून फुटतंय हे दिसल्यावरच मेलेला भाग काढा.

१३. नवी पानं लालभडक आहेत. रोग आहे का?

बहुतेक गुलाबांची कोवळी पानं लाल किंवा तांबूसच येतात आणि मोठी होताना हिरवी होतात. काळजी केव्हा करायची? लाली जून संपला तरी जात नाही, एका जागी झाडूसारखे दाट फुटवे येतात, काटे नेहमीपेक्षा खूपच जास्त आणि मऊ असतात, फांदी जाड आणि वेडीवाकडी होते. अशी लक्षणं एकत्र दिसली तर तो रोझ रोझेट हा विषाणूजन्य रोग असू शकतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. रोप मुळांसकट काढून पिशवीत बंद करून टाकावं लागतं. फक्त पानं लाल आहेत म्हणून रोप उपटू नका, कृपा करून.

१४. जोरदार फुटवे आलेत, पण फुलं वेगळ्याच रंगाची आली. गुलाब बदलला का?

गुलाब बदलत नाही. वरचं कलम मेलं आणि खालचा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड) फुटला. दुकानातले बरेच गुलाब दुसऱ्या जातीच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. अमेरिकेत "डॉक्टर ह्यूई" हा खुंट फार वापरतात. त्याची फुलं गर्द लाल, वर्षातून एकदाच. मल्टिफ्लोरा खुंट असेल तर लहान पांढऱ्या फुलांचे घोस येतात.

खुंटाच्या फुटव्याला सात पर्णिका (एकाच पानातली छोटी पानं) आणि कलमाला पाच, ही ओळख तुम्हाला अनेक जण सांगतील. ती सोडून द्या. कितीतरी चांगल्या बागेतल्या जातींनाही सात पर्णिका असतात आणि या एका समजुतीपायी लोकांनी चांगले फुटवे तोडलेले मी पाहिलेत. खरी परीक्षा फुटवा निघाला कुठून याची. माती बाजूला करून कलमाची गाठ शोधा. गाठीतून किंवा वरून निघाला तर तुमचा, खालून निघाला तर खुंटाचा. खुंटाचा फुटवा कापू नका, मुळाशी धरून खाली ओढून तोडा. कापलेल्या जागी दोन येतात.

गाठीतून किंवा तिच्या वरून काहीच फुटलं नाही तर तो गुलाब गेला. रोप स्वतःच्या मुळांवरचं असेल तर हा प्रश्नच येत नाही, जमिनीतून येईल ते सगळं त्याचंच. मिनिएचर गुलाब आणि कॅनडातल्या बऱ्याचशा जाती अशा स्वतःच्या मुळांवर मिळतात. कलमी रोप लावणार असाल तर इथे गाठ जमिनीखाली किमान तीन-चार इंच जाऊ द्या. आपल्याकडे गाठ मातीच्या वर ठेवतात, इथे तो नियम उलटा.

१५. माझा गुलाब वर्षातून एकदाच फुलतो. त्यालाही एप्रिलमध्येच छाटू?

नाही. जुन्या एकदाच फुलणाऱ्या जाती गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलतात. त्यांचं मेलेलं तेवढं काढा, उरलेली छाटणी फुलं संपल्यावर. थंडीनं सगळंच जमिनीपर्यंत गेलं असेल तर यंदा फुलं येणार नाहीत. ती पुढच्या वर्षी येतील. चढत्या वेलीगुलाबांनाही हेच लागू, त्यांच्या जिवंत लांब फांद्या जपा.

१६. रोप रस्त्याकडेला आहे, तिथे हिवाळाभर बर्फ वितळवायचं मीठ पडलं.

जमीन मोकळी झाली की दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा-तीनदा भरपूर, सावकाश पाणी सोडा म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरेल. पाणी साठून राहत असेल तर हे करू नका, रोप हलवा. पुढे पानांच्या कडा करपल्या तर मीठ अजून आहे असं समजा.

१७. कुंडी गॅरेजमध्ये ठेवली होती. मार्चमध्येच पांढरट लांब कोंब आलेत.

गॅरेज थोडं उबदार राहिलं, म्हणून रोप लवकर जागं झालं. हे फिकट कोंब उन्हात टिकत नाहीत. चार-पाच इंचांहून लांब असतील ते निम्मे कापा. दिवसा तापमान शून्य सेल्सियसच्या बरंच वर असेल तेव्हा कुंडी आधी सावलीत तास-दोन तास ठेवा, रात्री आत. असं दहा-बारा दिवस. कुंडी बाहेरच राहिली असेल तर आशा कमी धरा. तिथे मुळांना जमिनीची ऊब नसते, आणि मुळं फांद्यांपेक्षा थंडीला कच्ची असतात.

१८. किती वाट पाहू? मेलं असं केव्हा म्हणायचं?

जूनच्या मध्यापर्यंत थांबा. हे मी आग्रहानं सांगते, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. इथल्या दुसऱ्या वर्षी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक रोप मेलं म्हणून उपटलं. मुळं झटकली तर गाठीवर तांदळाच्या दाण्याएवढे दोन पांढरे कोंब होते. ते उपटताना दुखावले आणि पुन्हा लावूनही रोप जगलं नाही. आणखी तीन आठवडे थांबले असते तर वाचलं असतं.

तोवर माती ओलसर ठेवा, चिखल नको. जूनच्या मध्यालाही काही नसेल तर हातानं माती बाजूला करून गाठ आणि मुळं बघा. मूळ वाकवल्यावर लवचीक आणि आतून पांढरं असेल तर अजून दोन आठवडे द्या. मऊ, काळं आणि कुजकट वास असेल तर निरोप घ्या.

१९. पुन्हा लावायचंच झालं तर कोणता लावू?

थंडीसाठीच तयार झालेला. कॅनडाच्या एक्सप्लोरर मालिकेतले जॉन कॅबट, विल्यम बॅफिन हे उंच वाढणारे. मॅनिटोबातल्या मॉर्डन इथले मॉर्डन ब्लश, मॉर्डन सेंटेनियल. रुगोसा वर्गातला हान्सा, ज्याच्या सुगंधानं मला आपल्या गावठी गुलाबाची आठवण येते. आयोवा स्टेट विद्यापीठात ग्रिफिथ बक यांनी तयार केलेला केअरफ्री ब्यूटी. नॉकआउट गुलाब विल्यम रॅडलर यांनी शेजारच्याच विस्कॉन्सिनमध्ये तयार केला, पण कडक हिवाळ्यात तो इथे बर्फाच्या रेघेपर्यंत मरतो आणि पुन्हा फुटतो. एकदा मिनियापोलिसच्या लिंडेल पार्कमधल्या गुलाबबागेत जूनअखेर चक्कर मारा. १९०८ पासूनची बाग आहे. इथे काय तगतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

२०. गणपतीला घरची फुलं मिळतील का?

मिळू शकतात, जात वारंवार फुलणारी असेल तर. जूनअखेरपर्यंत येणाऱ्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा. जिवावर येतं, पण थंडीनं खचलेल्या रोपाची ताकद पानांत आणि मुळांत जायला हवी. जुलैपासून फुलू द्या. फूल सुकलं की पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानावर कापा. तिथून पुढचं फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. गणेश चतुर्थीची तारीख बघून तेवढे दिवस मागे मोजा आणि त्या सुमारास एक-दोन फांद्या कापा, सगळ्या नको. रोप अजून गुडघ्याएवढंही झालं नसेल तर यंदा बाप्पाला एकच फूल द्या, लांब दांडा न घेता. सप्टेंबरच्या मध्यानंतर कात्री बंद. फुलं झाडावरच सुकून त्यांना फळं धरू द्या, म्हणजे वाढ थांबून पुढच्या बर्फाआधी लाकूड पक्कं होतं.